साखरवेळच्या घराचं छप्पर

१

गोपिकाबाई दाणींनी गुन्हा कबूल केल्याचं ऐकलं आणि अनंतराव हरकऱ्यांना समोरचं ताट नकोसं झालं.

नवतपा चालू होता, उन्हाळ्यातले सगळ्यात कडक नऊ दिवस. या दिवसांत नागपुरात सूर्यनारायण आभाळात राहत नाही, माणसांच्या डोक्यावरच आसन मांडून बसतो. पंख्याखाली बसूनही वरणाचा घास गिळवत नव्हता, त्यात विमा कंपनीच्या शाखेतून मॅनेजरबाईंचा फोन आला.

"काका, केस सुटली. दाणीबाई स्वतःच ऑफिसात आल्या. उभ्याउभ्याच म्हणाल्या, छप्पर आधीच पडलेलं होतं, मला ठाऊक होतं, जुने फोटो मीच पाठवले. तुम्ही उद्या संध्याकाळपर्यंत रिपोर्ट द्या, बस्स."

"आणि मग?"

"मग पोलिसात तक्रार. वरून सक्त ऑर्डर आहे. वादळानंतर खोटे क्लेम फार येऊन राहिले."

अनंतरावांनी उभी हयात कंपन्यांसाठी पडकी घरं आणि जळकी गोदामं तपासण्यात घालवली होती. निवृत्त झाले तरी किचकट प्रकरण आलं की शाखा त्यांनाच हाक मारी, आणि तेही कुरकुरत का होईना, जात. हे प्रकरण मात्र त्यांना नको होतं. गोपिकाबाई कीर्तनकार होत्या. महाल भागातल्या राममंदिरात त्या उभ्या राहिल्या की अनंतराव खांबाला टेकून बसत, आणि दिवसभर माणसांच्या लबाड्या मोजून आलेला सगळा शीण उतरून जाई. त्या बाईच्या तोंडून खोटं?

प्रकरण तसं साधं होतं. कोकणात साखरवेळ गावी, वस्तीपासून दूर, दर्यापासून हाकेच्या अंतरावर, बाईंच्या यजमानांचं जांभ्या दगडाचं, कौलारू घर होतं. तिथे राहणारे दीर दोन वर्षांपूर्वी वारले आणि घराला कुलूप लागलं. बाईंनी एप्रिलमध्ये त्याचा विमा उतरवला. मे महिन्यात वादळ आलं आणि पंचनाम्याला फिरणाऱ्या तलाठ्याकडून छप्पर गेल्याचा निरोप आला. तिकडच्या सर्व्हेअरने जाऊन पाहिलं, तर माजघराच्या जमिनीतून कमरेएवढी पपई उगवलेली! मोडलेल्या वाशांची टोकं खाऱ्या वाऱ्याने करडी पडलेली. छप्पर या वादळात पडलेलंच नव्हतं, ते मागच्याच पावसाळ्यात पडलं होतं. आणि विमा घेताना कंपनीला आलेल्या फोटोंत तर कौलं एकसारखी, लालभडक.

अनंतरावांनी ताट झाकलं, डोक्याला उपरणं गुंडाळलं आणि तसेच बाईंच्या घरी गेले.

बाई ओसरीवर तुळशीच्या माळेला गाठ मारत बसल्या होत्या. वर न बघताच म्हणाल्या, "या अनंतराव. पन्हं घ्या. मी सांगितलंय ते खरंय."

"मी काही विचारलंच नाही अजून."

"विचारणार म्हणूनच आलात ना? उद्याचं गंगादशहऱ्याचं कीर्तनही मी सोडलंय. देवळात निरोप धाडला. खोटं बोललेल्या बाईने नारदाच्या गादीवर पाय ठेवू नये. उद्याच नाही, पुन्हा कधीच."

अनंतरावांनी पन्ह्याचा पेला हातात घेतला. ओसरीच्या कोपऱ्यात सतरंज्यांच्या वळकट्या होत्या, दोरीने आवळलेल्या. शेजारी झांजांची पिशवी. बाईंच्या कीर्तनवर्गातल्या मुलींचं सुटीतलं शिबिर साखरवेळला भरायचं होतं. पाडव्याच्या कीर्तनात बाईंनीच ते जाहीर केलं होतं. तिकिटं निघाली होती. वादळ आलं नसतं, तर आज त्या मुली तिथे असत्या.

"बाई, एक सांगा. छप्पर नाही हे ठाऊक असून लोकांच्या पोरींना तुम्ही त्या घरात झोपवायला नेणार होतात?"

बाईंची बोटं माळेवर थांबली.

"कबूल केलंय ना मी?" त्या हळूच म्हणाल्या. "मग झालं. उन्हाचे फिरू नका, घरी जा."

म्हणजे बाई खोटं बोलतच होत्या. पण एप्रिलमध्ये नव्हे, आज.

२

अशा बाईने कोणासाठी खोटं बोलावं? हे विमा घेण्याचं काम तिघांच्या हातून गेलं होतं: एजंट धर्मेंद्र, बाईंचा मुलगा गौरांग आणि सून भैरवी. अनंतरावांना त्या तिघांपैकी कोणाकडेही जायची उमेद नव्हती. पण रिपोर्ट उद्याच द्यायचा होता.

धर्मेंद्र भिवापूरकडचा, शेतकऱ्याचा मुलगा. ऊन उतरल्यावर तो इतवारी बाजारात मेव्हण्याच्या भांड्यांच्या दुकानात बसे. गिऱ्हाईक पातेलं घ्यायला आलं की त्याच्या घराचा विमा काढून देई. अनंतराव हातगाड्यांतून वाट काढत पोचले, तेव्हा तो पाण्याच्या पितळी गुंडावर हात ठेवून कोणाला तरी आगीची भीती घालत होता.

"साहेब! मले ठाऊक होतं तुम्ही याल," तो उठून उभा राहिला. "पण मले काहून पकडून राहिले? मी काय केलं जी?"

"बस. कोणी पकडलं नाही तुला. पॉलिसी कशी निवडली, तेवढं सांग."

तो विषय निघाला आणि गडी खुलला. "आता कसं आहे साहेब, इथले लोक विचारते, आग लागली तर? चोरी झाली तर? दर्याकाठचा हिसाबच अलग. मी बाईले साफ सांगितलं, स्वस्तवाली घेऊ नका, ते नुसती आग-वीज. तुम्हाले वादळ पाहिजे, पूर पाहिजे, भरतीचं पाणी घुसलं तर ते पाहिजे. गंज नका विचारू, गंजाचं कोणतीच कंपनी देत नाही. अन् रक्कम घर नव्यानं बांधाच्या खर्चावर धरा, जागेच्या भावावर नाही. जागा थोडीच उडून जाते?"

"हे सगळं तुला कसं सुचलं? दर्या पाहिला आहेस?"

"मंग! धंदा चांगला झाला म्हणून कंपनीनं गोव्याले नेलं होतं ना आमाले. काय सांगू साहेब, बनियान धुतलं तर दोन दिवस वाळेच ना! ओलंच घालून फिरलो, पाठीवर घामोळ्या उठल्या. तिथंच समजलं मले, या हवेत लोखंड काय टिकते."

"गोव्याहून परतताना साखरवेळला डोकावलास?"

धर्मेंद्रचा चेहरा उतरला. "नाही जी. बसमधी कोंबून नेलं, कोंबून आणलं. फोटो आले बाईच्या मोबाइलवरून, तेच पुढे ढकलले. चूक म्हणा तर हे चूक. पण मी बाईले उलट म्हटलं होतं, बंद घराचं चोरीचं कलम ढिलं पडते, तुम्ही पोरी घेऊन जा, राहा तिथं, चूल पेटवा." तो पुढे वाकला. "अन् साहेब, बाईले फोटो पाठवता येते तरी का? त्यायचा मोबाइल सूनबाई चालवते. तिले विचारा. तिले ते घर विकाचं होतं!"

३

दुसऱ्या दिवशी सकाळी अनंतराव वर्धा रोडवरच्या फ्लॅटवर गेले. लिफ्ट बंद होती. चौथ्या मजल्यावर पोचेपर्यंत त्यांच्या गुडघ्यांनी रामनाम सुरू केलं होतं.

दार भैरवीने उघडलं. अंगावर ऑफिसचे कपडे, हातात डबा. आत खिडकीतला कूलर घोंघावत होता. वाळ्याच्या ताट्यांचा ओला वास साऱ्या घरात भरलेला.

"हो, मीच पाठवले फोटो. आईंच्या मोबाइलवरून," तिने खुर्ची पुढे केली आणि सरळ सांगून टाकलं. "आईंनी ऑफिसात जाऊन काय सांगितलं ते मला सकाळीच कळलं, देवळातल्या बायकांकडून! आमच्याशी एक शब्द नाही. गौरांगला तर अजून सांगितलंही नाही मी. रात्रपाळी करून आत्ताच टेकलाय."

"तुला घर विकायचं होतं म्हणे."

"होतं ना! आजही आहे. लपवते कुठे? इथून सतराशे साठ गाड्या बदलून जायचं, त्या घरात राहणार कोण? पण आई म्हणाल्या, नाही विकायचं, मुलींचं शिबिर घ्यायचं. म्हटलं ठीक आहे, मग विमा तरी नीट घ्या. रात्र जागून चार कंपन्यांच्या पॉलिस्या पडताळून पाहिल्या मी. वादळ, पूर, सगळं असलेली निवडली."

"आणि फोटो कुठून आले?"

"गौरांगने दिले. मार्चमध्ये गेला होता ना तो घर बघायला. पुण्याला ऑफिसचं काम होतं, तिथूनच पुढे गेला."

आतल्या खोलीचं दार उघडलं. गौरांग बाहेर आला. मिहान उद्योगवसाहतीतल्या एका कंपनीत तो परदेशी गिऱ्हाइकांची कामं रात्रभर सांभाळी. डोळे तांबारलेले, दाढी वाढलेली. त्याला पाळण्यात पाहिलेल्या अनंतरावांना क्षणभर तो आपल्या बापापेक्षा म्हातारा दिसला.

"काका, तो तिकडचा सर्व्हेअर काहीही लिहून राहिला," तो सोफ्यावर बसत म्हणाला. "मी स्वतः पाहिलंय घर. छप्पर धडधाकट होतं."

"राहिलास तिथे?"

"दोन दिवस. गावात किल्ली ठेवलेली होती. साफसफाई केली, समुद्रावर जाऊन आलो. आंब्याला मोहोर होता मस्त."

"मार्चअखेर. उकडलं असेल."

"विचारू नका! पण बैठकीतला कूलर लावला, खिडक्या उघड्या टाकल्या आणि ताणून दिली. काय गार झोप लागली काका! पहाटे तर चादर ओढून घ्यावी लागली."

अनंतरावांनी पाण्याचा ग्लास खाली ठेवला. एकाएकी त्यांना फार थकून गेल्यासारखं वाटलं. उत्तर सापडलं की त्यांना नेहमीच असं होई. आनंद कधी झालाच नाही.

४

"भैरवी, तू जरा बस," ते म्हणाले. "ऑफिसला उशीर होईल. पण हे तुझ्यासमोर बोललेलं बरं."

ती डबा मांडीवर घेऊन बसली.

"छप्पर मागच्या पावसाळ्यात पडलं. पपई काही वादळाबरोबर उडत येऊन कमरेएवढी होत नाही. म्हणजे एप्रिलमध्ये कोणीतरी ते झाकलं. बाईंनी नाही, त्या तर लोकांच्या पोरी तिथे न्यायला निघाल्या होत्या. धर्मेंद्रनेही नाही. छप्पर नाही हे ठाऊक असतं, तर बाईंना तिथे जाऊन राहायचा आग्रह त्याने केला नसता. उलट त्या तिकडे फिरकणार नाहीत याची काळजी घेतली असती. आणि तूही नाहीस, भैरवी."

"मी का नाही?" ती फणकारली, जणू वगळलं गेल्याचाच राग आला.

"तुला घर विकायचं होतं. छप्पर पडल्याचं कळलं असतं, तर तेच तू पहिल्यांदा सासूच्या पुढ्यात टाकलं असतंस. विकायला याहून मोठं कारण कुठलं? ते हातात असून गप्प बसायची नाहीस तू."

भैरवीने नवऱ्याकडे पाहिलं. गौरांग जमिनीकडे बघत होता.

"गौरांग, तू साखरवेळला गेलाच नाहीस."

"काका, मी सांगतोय ना..."

"कूलर लावून चादर ओढलीस म्हणतोस. बाळा, मी कोकणात वादळामागून वादळ हिंडलोय. आपल्या नागपूरची हवा कोरडी ठाण. कूलरचं पाणी ती पिऊन टाकते, म्हणून गार होते. दर्याकाठची हवा आधीच पाण्याने तुडुंब. तिथे कूलर लावलास तर गारवा नाही, उलट अंग चिकचिकतं, घामाने गादी भिजते. धर्मेंद्र गोव्याला जाऊन आला, त्याला न वाळलेलं बनियान आठवतं. तू दोन रात्री राहिलास आणि तुला घाम आठवत नाही. तू लहानपणी एकदाच गेलेला, ध्यानात कुठून राहणार? उन्हाळ्यातल्या झोपेची गोष्ट रचायची म्हटल्यावर नागपूरच्या माणसाने तीत कूलर घातला. तो घालतोय हे तुला समजलंसुद्धा नाही."

खिडकीतला कूलर घोंघावत राहिला. भैरवी उठली आणि तिने तो बंद केला. मग गौरांगचा आवाज ऐकू आला.

"पुण्याचं काम एका दिवसात संपलं," तो म्हणाला. "कोकणात जायला दोन दिवस रजा घेतली होती. आई रोज फोनवर विचारायची, घर पाहून येशील ना रे? एसटी स्टँडवर गेलो पण. आणि काका, पायरी चढवेना. किती महिने सलग झोपलो नव्हतो. समोर लॉज दिसला. म्हटलं दोन तास पडतो. दोन दिवस झोपलो. उठून जेवायचो आणि परत झोपायचो. मग आईला काय सांगू? फोनवर म्हटलं, घर छान आहे. साखरवेळच्या काकांनी कधीतरी घराचे फोटो पाठवले होते, तेच भैरवीला दिले. छप्पर पडलंय हे मला कुठे ठाऊक होतं? आईची शप्पथ, नव्हतं."

"झोपायला पुण्याला गेलास?" भैरवीचा आवाज चिरकला. "मला सांगायचंस तरी! मी इथेच झोपू दिलं असतं की तुला! कोणी उठवलं असतं?"

त्यावर गौरांग हसला, आणि हसता हसता त्याचे डोळे भरले.

"क्लेम बुडेल एवढंच मला वाटलं," तो म्हणाला. "घर पडीकच आहे, बुडू दे म्हटलं."

"क्लेम नाही बुडत नुसता," अनंतराव म्हणाले. "तुझ्या आईने काल कंपनीत जाऊन सगळं स्वतःवर घेतलं. आज संध्याकाळनंतर पोलिसात तक्रार जाईल. तुझं नाव आलं तर नोकरी जाईल, अशी भीती वाटली असणार तिला. आजचं कीर्तन सोडलंय तिने. पुन्हा कधी उभी राहणार नाही म्हणते."

गौरांगने पायात चपला सरकवल्या. शर्टाची बटणं लावायचंही त्याला भान नव्हतं.

५

बाईंनी सगळं शांतपणे ऐकलं. मुलगा पुढ्यात बसून बोलत होता, त्या त्याच्या केसांकडे पाहत होत्या.

"सर्व्हेअरचं कळलं तेव्हाच मला कूलर आठवला," त्या अनंतरावांना म्हणाल्या. "नवी नवरी म्हणून मी त्या घरात दोन उन्हाळे काढलेत हो. मार्चमध्ये हा फोनवर म्हणाला, कूलर लावून गार झोपलो. तेव्हाच ओळखायला हवं होतं मी. पण आईचा जीव. लेकरू झोपलं, एवढंच ऐकलं मी."

"आता कबुली मागे घ्या. रिपोर्ट मी असा लिहिणार. कोणी कंपनीला फसवायला निघालं नव्हतं, घर न पाहता चुकीची माहिती दिली गेली. क्लेम नामंजूर, पॉलिसी रद्द. येताना मॅनेजरबाईंशी फोनवर बोललोय, तक्रार करणार नाहीत. गौरांगने स्वतः जाऊन तेवढं सांगायचं. छप्पर मात्र तुमचं तुम्हाला घालावं लागेल, आणि ते घातल्याशिवाय नवा विमा कोणी देणार नाही."

"ते रामराया बघेल. घर बंद ठेवून नुसता विमा काढला, तिथेच चुकलं. आधी जाऊन पाहायला हवं होतं." त्या थांबल्या. "पण अनंतराव, गादीचं काय? मी खोटं बोललेच की. एप्रिलमध्ये नसेल, काल बोलले. त्या पोरीएवढ्या मॅनेजरबाईच्या तोंडावर, डोळ्याला डोळा देऊन."

मग त्या स्वतःच उठल्या. "चल रे," गौरांगला म्हणाल्या, "आधी कंपनीत, मग देवळात."

साडेपाचला देऊळ भरलं होतं. कीर्तन नाही हे ठाऊक असूनही बायका सवयीने आल्या होत्या, पेटीवाला आणि तबलजी बिचारे आपापल्या जागी बसून होते. बाई आल्या त्या लेकाला घेऊनच. गळ्यात हार नाही, हातात झांज नाही. गादीच्या खाली, फरशीवर त्या उभ्या राहिल्या.

"मंडळी, मी काल खोटं बोलले," त्यांनी सांगितलं. निरूपणाचा आवाज नव्हता तो, घरातला होता. "मुलाला वाचवायला बोलले. त्याची चूक काय ते मी नाही सांगणार. माझी माझ्यापुरती सांगते."

"माझी मी सांगतो," गौरांग म्हणाला. आणि त्याने सांगितली, पुण्याच्या लॉजसकट. मध्येच खांबापाशी बसलेल्या भैरवीने आपली पाण्याची बाटली पुढे धाडली. ती हातोहात त्याच्यापर्यंत गेली.

सांगून झालं. बाई देवाला हात जोडून दाराकडे वळल्या.

"अवं, कुठं चालली?" पुढच्या ओळीतून जिजाबाईंनी हटकलं. ऐंशीच्या पुढची म्हातारी, रोजची श्रोती. "आमी उन्हाचे पाय भाजत आलो, ते तुह्या पोराच्या झोपेची गोष्ट ऐकाले का? झालं ना माय-लेकाचं? मंग चढ ना वं वर!"

"जिजाबाई, मी खोटं..."

"बोलली, आयकलं आमी. कान आहे आमाले. इथं बसली हे सारी काय खरंच बोलून आली का घरून? मी म्हणतो सुनेले, गुडघे दुखते म्हणून, अन् इथं पायी येतो!"

एक बाई फिसकन हसली, मग दुसरी. भैरवीनेही, पदर नव्हता म्हणून, तोंडाला हात लावला. मागून कोणीतरी हार पुढे दिला.

बाई परत गादीसमोर आल्या. मग त्यांनी वाकून तिच्या काठाला हात लावला, तो कपाळाला नेला आणि वर चढल्या. पेटीवाल्याने सूर दिला. अनंतराव आपल्या खांबाला टेकले, गुडघे लांब केले.

बाईंनी तोंड उघडलं, पण आवाज फुटेना. पेटीवाल्याने भाता सोडला नाही, सूर तसाच धरून ठेवला. बाईंना तो घ्यायला फार वेळ लागला. देवळातलं कोणीही उठलं नाही.